पारसिकच्या बोगद्यातून

शनिवारची संध्याकाळ आहे. डोंबिवलीला मुंबईकडची फास्ट लोकल येते. गर्दी उलट्या दिशेला, म्हणून तुम्हाला चक्क खिडकी मिळते. कानात इयरफोन आहेत आणि फ्रान्सिस पूलांक या फ्रेंच संगीतकाराचा एक कॉन्चेर्टो, म्हणजे एका वाद्याची वाद्यवृंदाशी जुगलबंदी, तुम्ही नुकताच लावला आहे. ऑर्गन, तंतुवाद्यं आणि तिंपानी हे नगारे, एवढाच संच. सुरुवातीलाच ऑर्गन एकटा, सगळ्या ताकदीनिशी कोसळतो. तुम्ही दचकून आवाज कमी करता.

गाडी दिवा सोडते. २०२२ साली नव्या मार्गिका झाल्यापासून फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात नाहीत. तरी आज तुमच्या खिडकीबाहेर एकाएकी काळोख होतो, हवा दणकन आत घुसते आणि अख्खा डबा एका खालच्या सुरात घुमायला लागतो. १९१६ साली सुरू झालेला हा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा. कल्याण-डोंबिवलीच्या कितीतरी पिढ्यांनी त्याचा हा खर्ज रोज दोनदा ऐकला आहे. आज तो नीट ऐका. डोंगरातून काढलेली एक नळी आणि तिच्यातून रेटलेली हवा, यापलीकडे त्यात काही नाही. ऑर्गनचा पाइपही एवढाच असतो. १६ फुटी उघड्या पाइपात हवा सोडली की सेकंदाला सुमारे ३३ कंपनांचा सूर निघतो. तो कानाआधी छातीला कळतो.

उजेड येतो. कानात इयरफोन नाहीत. मोबाइल होता त्या खिशात पुठ्ठ्याचं छोटं तिकीट आहे. ठाणं आलं आहे आणि साल आहे १९८२.

जांभळी नाक्यावरून तुम्ही तलावपाळीला येता. मासुंदा तलावाचं पाणी काळसर झालं आहे. एका काठाला कौपिनेश्वराचं देऊळ, जवळच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, आणि चार वर्षांपूर्वी उभं राहिलेलं गडकरी रंगायतन. देऊळ, चर्च आणि नाटकगृह एकाच पाण्याशी आहेत, हे ठाणेकरांच्या इतकं सवयीचं आहे की ते कोणी बोलून दाखवत नाही. तुम्ही मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाटक ‘सौभद्र’ आहे असं धरा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक १८८२ साली पुण्यात रंगमंचावर आलं, म्हणजे त्याला आता शंभर वर्षं होताहेत. तुमची खुर्ची पहिल्या रांगेत आहे. समोर रंगमंचाच्या पायथ्याशी एका अंगाला तबला आणि दुसऱ्या अंगाला ऑर्गन. हाताच्या अंतरावर आहे, तेव्हा बघून घ्या.

लाकडी कपाटासारखं वाद्य, गुडघ्याच्या उंचीपासून छातीपर्यंत. खाली दोन रुंद पावड्या, त्यांच्यावरचा गालिचा मधोमध झिजून सुतळी दिसते आहे. पट्ट्यांच्या वर ओळीने गोल खुंट्या, प्रत्येकीच्या तोंडावर पांढऱ्या चकतीत बारीक अक्षरं. एकीवर ‘व्हॉक्स ह्युमाना’ लिहिलेलं असतं, म्हणजे माणसाचा आवाज. ही खुंटी ओढली की आत एक छोटा पंखा फिरू लागतो आणि सुराला थरथर येते. गुडघ्यांशी दोन लाकडी फळ्या असतात. त्या बाहेरच्या बाजूला दाबल्या की आवाज मोठा होतो. दोन्ही हात पट्ट्यांवर, दोन्ही पाय भात्यावर आणि गुडघे आवाजाच्या चढउतारावर, म्हणजे वादकाचं सगळं अंग वाद्यात गुंतलेलं.

हातपेटीत भाता हवा बाहेर ढकलतो आणि ती हवा सुरांच्या पितळी पात्यांमधून जाते. या ऑर्गनमध्ये उलटं आहे. पावडी दाबली की आत पोकळी होते आणि बाहेरची हवा पात्यांमधून आत ओढली जाते. पेटी फुंकरीवर बोलते, ऑर्गन श्वासावर. म्हणूनच पेटीची धार त्याच्यात नसते. त्याचा सूर गोल असतो, गायकाच्या आवाजाला टोचत नाही, खालून उचलून धरतो. संगीत नाटकाने हे वाद्य पोटाशी धरलं ते या गुणासाठी.

तिसरी घंटा होते. ऑर्गनवर सूर लागतो आणि पडद्यामागून नांदी सुरू होते. या घटकेला प्रेक्षागृहात जे होतं ते ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना सांगायला नको. उशिरा आलेली माणसं वाटेत थबकतात. बायका हातातली पिशवी खाली ठेवतात. पडदा अजून उघडलेला नाही, पण नाटक सुरू झालं आहे आणि ते त्या एका सुराने केलं आहे.

मग पद येतं. गायक मुखडा घेतो, अंतऱ्यात शिरतो, तान घेतो, दम घ्यायला थांबतो. ऑर्गनचा खरा कस इथे लागतो. गायकाची शेवटची जागा तो उचलतो, दोन अंगुळं पुढे नेतो आणि नेमक्या क्षणी परत मुखड्याच्या दारात आणून सोडतो. गोविंदराव पटवर्धनांनी ज्या पिढीला साथ केली त्या पिढीचे लोक आजही सांगतात की गायक काय गाणार हे त्यांच्या बोटांना आधी कळायचं. ठाण्यात राहिलेल्या पं. राम मराठ्यांसारखा भरधाव तानेचा गवई समोर असताना हे किती अवघड, ते गाणाऱ्याला विचारा. १९६३ च्या ‘मंदारमाला’ नाटकापासून ज्यांनी ते गाणं ऐकलं त्यांनी त्याच्या शेजारी ही साथही ऐकली, बहुतेकांनी नकळत.

मध्यंतर होतं. बाहेर या. बटाटेवड्याचा वास, चहाचे पेले, तळ्यावरचा वारा. चर्चच्या दिशेने घंटा वाजते. एक, दोन, तीन. मोजताना तुमच्या लक्षात येतं की रस्त्यावरचे दिवे गेले आहेत.

साल १७३७, मार्च महिना. तळं तेच आहे, पण भोवती नारळीच्या वाड्या आहेत. खाडीच्या बाजूला पोर्तुगीजांचा किल्ला अर्धवट बांधलेला उभा आहे. पुढे कधीतरी त्यातच ठाण्याचा तुरुंग होणार आहे. मराठे साष्टीत उतरले आहेत आणि ठाणं पडलं आहे. चिमाजीअप्पांची मोहीम इथून वसईकडे जाईल आणि मे १७३९ मध्ये वसईही घेईल. वसईच्या चर्चमधल्या घंटा घाट चढतील आणि देवळांत टांगल्या जातील. त्यातली एक वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर आजही आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे आणि साल आहे १७०७. घाटावर येणाऱ्या बायका तिला नमस्कार करतात. मला हे फार मोलाचं वाटतं. नाद कुठून आला हे विचारून आपल्या माणसांनी हात जोडले नाहीत.

पाश्चात्त्य संगीतात ज्याला बरोक काळ म्हणतात तो साधारण १६०० ते १७५०. मासुंद्याच्या काठावरून पोर्तुगीज गेले तेव्हा लाइप्झिगला योहान सेबास्टियन बाख बावन्न वर्षांचा होता. लंडनमध्ये जॉर्ज फ्रेडरिक हँडलही तेवढ्याच वयाचा. ही दोन्ही माणसं १६८५ सालची, एकाच देशातली, आणि जन्मभरात एकदाही एकमेकांना भेटली नाहीत. दोघंही तरुणपणी एकाच म्हाताऱ्याच्या पायाशी जाऊन आले होते. त्याचं नाव डिट्रिख बुक्सटेहूड. मेणवलीची घंटा ओतली गेली त्याच वर्षी, १७०७ साली, तो गेला. आपण त्याच्या आधी दोन वर्षं पोहोचू.

१७०५ चं वर्ष संपत आलं आहे. उत्तर जर्मनीतलं ल्युबेक बंदर. अंगात थंडी शिरते आहे. सेंट मेरी चर्चमध्ये ऑर्गनच्या मागच्या खोलीत तुम्हाला कामाला लावलं आहे. समोर भात्यांची रांग आहे, प्रत्येकाला जाड लाकडी तुळई. तिच्यावर पूर्ण वजनानिशी उभं राहायचं, ती खाली गेली की दुसरीवर जायचं. वीज येईपर्यंत जगातले बहुतेक मोठे ऑर्गन असेच कोणाच्या तरी हातापायांवर वाजले. त्या माणसांची नावं क्वचितच कुठे लिहिलेली आहेत. तुम्ही एक तुळई दाबता आणि भिंतीपलीकडे पन्नासहून जास्त खुंट्यांच्या त्या अजस्र वाद्यात हवा भरते. बुक्सटेहूड वाजवायला बसला आहे.

आधी तो मोकळा फिरतो. मध्येच थबकतो, पुन्हा उसळतो, एक पाय खालच्या पट्टीवर धरून वर दोन्ही हात सोडून देतो. तालाचं बंधन जाणवत नाही. मग एकाएकी एक छोटं वाक्य घेतो आणि फ्यूग सुरू होतो. तेच वाक्य एकामागून एक आवाज उचलत जातात, काटेकोर, ठाय. ते पुरं होतं न होतं तोच पुन्हा मोकळं फिरणं. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही. आलापात सैल सोडायचं, बंदिशीत आवळायचं आणि सगळं एका श्वासात ओवायचं, हे तुम्ही जाणता.

खाली खांबाला टेकून एक वीस वर्षांचा पोरगा उभा आहे. बूट झिजले आहेत. आर्नश्टाटहून तो ४०० किलोमीटर पायी आला आहे, हे वाजवणं ऐकायला. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचं अंतर याहून पुष्कळ कमी आहे. चार आठवड्यांची रजा होती, तो चार महिने राहिला आणि परतल्यावर वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या. तो बाख आहे. त्याच्याआधी दोन वर्षं, १७०३ मध्ये, हँडल इथे येऊन गेला होता.

हँडलकडे जाऊ, कारण आपल्या ठाण्याच्या नाटकगृहाशी त्याचं सगळ्यात जवळचं नातं आहे.

मार्च १७३५, लंडन, कोव्हेंट गार्डनचं नाटकगृह. मेणबत्त्यांचा धूर, माणसांची कुजबुज. पलीकडच्या थिएटरात विरोधी मंडळीने फारिनेल्ली नावाचा गायक आणला आहे. त्याच्या आवाजाने शहर वेडं झालं आहे आणि हँडलच्या खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या आहेत. गंधर्व आणि ललितकलादर्श या नाटक मंडळ्यांच्या काळच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या त्यांना ही अवस्था समजेल. हँडलकडे त्या तोडीचा गवई नाही. मग तो स्वतःच उठतो, ऑर्गनशी जाऊन बसतो आणि अंकांच्या मध्ये वाद्यवृंदाला सोबत घेऊन वाजवायला लागतो.

ऑर्गन कॉन्चेर्टो जन्मला तो असा. १७३८ साली लंडनच्या जॉन वॉल्शने त्यातले सहा छापले. ऑर्गन म्हटलं की चर्च, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पण वाद्यवृंदासमोर ऑर्गन एकटा उभा राहिला तो नाटकगृहात, तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे, नाटकासारख्याच एका खेळाच्या मध्यंतरात. हँडलचा ऑर्गनही लहान होता. पायांनी वाजवायच्या पट्ट्या इंग्लंडातल्या ऑर्गनना तेव्हा सहसा नसत.

हँडलच्या वादकांच्या खांद्यावरून कागद बघा. मध्येच ओळी कोऱ्या आहेत आणि त्यावर लिहिलं आहे ‘अॅड लिबिटम’, मनाला येईल तसं. १७५० नंतर त्याची दृष्टी गेली तेव्हा या कोऱ्या जागा वाढत गेल्या. तो वाद्यवृंदाला फक्त आपला भाग देई आणि मधलं सगळं त्या वेळी सुचेल तसं वाजवी. वादक गज मांडीवर ठेवून बसत. त्याने शेवटाला एक विशिष्ट थरार, दोन शेजारच्या स्वरांचा झरझर झुलवा, घेतला की समजायचं, आपलं आलं, आणि सगळ्यांनी एकदम उचलायचं. संगीत इतिहासकार चार्ल्स बर्नीने हे नोंदवून ठेवलं आहे. एक आंधळा म्हातारा उपज करतो आहे आणि वीस-पंचवीस माणसं श्वास रोखून त्याच्या मुखड्याची वाट बघताहेत. गडकरीला पहिल्या रांगेतून तुम्ही तबलजीच्या चेहऱ्यावर जे पाहिलंत ते आणि हे वेगळं नाही.

हँडल १७५९ मध्ये गेला. पुढच्या दीडशे वर्षांत ऑर्गन आणि वाद्यवृंदासाठी फार थोडं लिहिलं गेलं. वाद्यवृंद इतका मोठा झाला की ऑर्गनची गरजच उरली नाही असं लोकांना वाटलं. विसाव्या शतकात काही जण मागे वळले. पॉल हिंडेमिटने १९२७ मध्ये असा एक कॉन्चेर्टो रचला. आणि मग पूलांक.

१६ डिसेंबर १९३८, पॅरिस. मोठं घर, दिवाणखान्यातच पाइप ऑर्गन. तुम्ही दाराशी उभे आहात, पाहुणे येताहेत. घराची मालकीण राजकुमारी एदमों द पोलिन्याक. जन्माचं नाव विनारेता सिंगर. सिंगर म्हणजे तेच, शिलाईमशीनवालं. आयझॅक सिंगरची ही मुलगी. तुमच्या डोंबिवलीच्या घरात आजीचं पायमशीन अजून आहे, त्यावर आता टीव्ही ठेवला आहे. लोखंडी चौकटीत ते नाव ओतलेलं आहे आणि पावडी आजही हलते. ज्या पावडीवर आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी झबली, परकर आणि दुसऱ्यांच्या घरची पोलकी शिवून संसार ओढले, त्याच मशीनच्या पैशातून हा कॉन्चेर्टो सांगून लिहवून घेतला गेला. राजकुमारी स्वतः ऑर्गन वाजवत असे. मला हा योगायोग वाटत नाही असं म्हणणं धाडसाचं होईल, पण हे दोन पाय मला शेजारी-शेजारी दिसतात.

पूलांक तोवर हसऱ्या, खेळकर संगीतासाठी ओळखला जाई. १९३६ साली त्याचा मित्र, संगीतकार पिएर-ओक्ताव्ह फेरू, मोटार अपघातात गेला. त्याच दिवसांत पूलांक रोकामादूर या डोंगरातल्या क्षेत्राला गेला. तिथे लाकडाची काळी मेरी आहे, शतकानुशतकं लोक तिला भेटायला पायऱ्या चढून जातात. विठ्ठलाच्या काळ्या मूर्तीपुढे मान टेकवलेल्या माणसाला त्या भेटीबद्दल जास्त सांगायला नको. त्यानंतर त्याच्या संगीतात जे गंभीर आलं ते शेवटपर्यंत राहिलं. हा कॉन्चेर्टो हातात होता, पुढे सरकत नव्हता. त्याने बाख आणि बुक्सटेहूड उघडले आणि अभ्यासाला बसला. ऑर्गन त्याला वाजवता येत नव्हता. मोरीस द्युरुफ्ले या ऑर्गनवादकाने कुठे कोणती खुंटी ओढायची ते बसवून दिलं. आज वाजवायला तोच बसला आहे. वाद्यवृंदापुढे नादिया बुलांजे उभी आहे.

द्युरुफ्लेचे हात खाली येतात आणि लोकलमध्ये तुम्हाला दचकवणारा तोच आघात. जी मायनर, म्हणजे आपल्या आसावरी थाटाच्या जवळचे स्वर. बाखच्या जी मायनरमधल्या फँटसीची दारं अशीच उघडतात, आणि पूलांकने ती ओळख लपवलेली नाही. लगेच सगळं विझतं. तिंपानीचे दबके ठोके, खालच्या तंतुवाद्यांची चाल. मग एकदम धावपळ. मग जत्रेतल्या पाळण्यासारखा खेळकर भाग. मग पुन्हा स्तब्ध, ऑर्गन एकटा, जुन्या प्रार्थनेसारखा. एकूण सात तुकडे, पण मध्ये कुठेही खंड नाही. सैल, आवळ, सैल, आवळ. ल्युबेकला भात्यावर उभं राहून तुम्ही ऐकलं होतं ते हेच. त्यात बासऱ्या, सनया, तुताऱ्या घेतलेल्या नाहीत, कारण फुंकीचं सगळं काम ऑर्गन एकटा करतो. एका बाजूला कधी दम न लागणारं वाद्य आणि दुसऱ्या बाजूला गज फिरवताना दर वेळी टोक गाठून परतणारे हात. त्या दोघांचं बोलणं म्हणजे हा कॉन्चेर्टो.

शेवटाकडे व्हायोला एकटा बोलतो, मग चेलो. ऑर्गन अगदी खाली सूर धरून आहे, तुमच्या गडकरीतल्या ऑर्गनसारखा. तो जे करतो ते साथ आहे. एवढ्या प्रचंड वाद्याने एका व्हायोलासाठी स्वतःला इतकं लहान करणं, हे मला सबंध रचनेत सर्वात सुंदर वाटतं. मग शेवटचा आघात, आणि तेवीस-चोवीस मिनिटांत सगळं संपतं. सार्वजनिक प्रयोग पुढच्या जूनमध्ये साल गाव्हो या सभागृहात होणार आहे आणि सप्टेंबरात युद्ध.

परतीच्या वाटेवर एक थांबा आहे, दुखरा. मार्च १९४०. ऑल इंडिया रेडिओने पेटीची साथ बंद केली आहे. कारण असं की पेटीचे सूर ठरलेले, मींड निघत नाही, श्रुती चुकतात. ही बंदी १९७१ पर्यंत राहिली. आक्षेप पोकळ नव्हता. पेटीचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका चढा असतो, आणि तयार कानाला तो टोचतो. पण हा सल आपल्याच वाद्याला नव्हता. बरोकच्या ऑर्गन लावणाऱ्यांनी आयुष्यं त्याच्यापायी घालवली. कुठला स्वर किती वाकवायचा, म्हणजे कुठल्या पट्टीत किती वेदना होईल, याचे गावोगाव वेगळे हिशेब होते. बाखने १७२२ मध्ये चोवीस पट्ट्यांतला संग्रह केला तो याच प्रश्नाला हात घालून. तोच प्रश्न मासुंद्याच्या शहरात पुन्हा उभा राहिला. गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य, ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी तयार केली. सा आणि प अचल, उरलेल्या दहा स्वरांच्या दोन-दोन श्रुती, मिळून बावीस. रागाला जी लागेल ती वादकाने निवडायची. रेडिओने वाद्य दाराबाहेर ठेवून जे सोडवलं नाही, ते वाद्याच्या पोटात शिरून सोडवायचा हा प्रयत्न आहे, आणि मला तोच रस्ता योग्य वाटतो.

घंटा. मध्यंतर संपलं. १९८२, गडकरी रंगायतन. हातातला चहा अजून गरम आहे. तुम्ही धावत आपल्या खुर्चीशी येता. ऑर्गनवाल्याने रुमालाने पट्ट्या पुसल्या आहेत. पाय पावड्यांवर ठेवून तो वर बघतो आहे, गायक विंगेतून येण्याची वाट बघत. आता तुम्हाला त्याच्या मागे रांग दिसते. द्युरुफ्ले, आंधळा हँडल, ल्युबेकचा म्हातारा, आणि सगळ्यात मागे भाते तुडवणारे बिननावाचे लोक. पहिला सूर लागतो.

मग पुन्हा बोगदा, पुन्हा तो खर्ज, आणि खिडकीबाहेर आजचं मुंब्रा. कानात पूलांकचा शेवटचा आघात नुकताच विरला आहे. गाडी अजून ठाण्याला पोहोचायची आहे.

एक विनंती करतो. हा कॉन्चेर्टो या आठवड्यात एकदा सलग ऐका, दिवे मालवून, मध्ये न थांबता. आणि गडकरीला, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात पुढचं संगीत नाटक लागेल तेव्हा ऑर्गनच्या बाजूची, पहिल्या दोन रांगांतली खुर्ची मागून घ्या. खरा ऑर्गन आता कमी ठिकाणी येतो, पुष्कळदा त्याच्या जागी कीबोर्ड असतो. आलाच, तर वादकाच्या पायांकडे बघा. आणि तुमच्या ओळखीत कोणाच्या माळ्यावर, कुठल्या जुन्या वाड्याच्या किंवा शाळेच्या अडगळीत असं वाद्य पडलेलं असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी पेटी दुरुस्त करणाऱ्या माणसाला एकदा दाखवा. भात्याचं कातडं बदलता येतं, आतली पितळी पाती साफ करून पुन्हा सुरात लावता येतात, आणि त्यानंतर तो वाजतो.